पाय मी हलवत होते

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते. पाच मिनिटांत वर जायचंय, आणि वर गेले की मी परत शहाण्यासारखी वागायला लागेन — मग हे राहूनच जाईल. दोन वर्षं असंच राहिलंय. कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. ऑफिसमधल्या प्राचीला नाही — आणि प्राचीला तर मी माझ्या दाढेत काय अडकलंय ते पण सांगते.

वाशीतल्या एका जुन्या सोसायटीच्या जिन्यात बसलेय. वरच्या हॉलमधे अठरा बायका मॅटवर आडव्या पडल्यात. मोबाइलवर टाइप करतेय, चुका असतील तर चालवून घ्या. तसं माझं कामच टायपिंगचं आहे. ऐरोलीला, चॅट सपोर्ट. एका वेळी चार कस्टमर, आणि चौघांनाही वाटतं मी फक्त त्यांच्याशीच बोलतेय. स्पीडचं टेन्शन नाही. आयुष्यात एकच मेसेज टाइप झाला नाही. तिकडे येतेच.

आधी वर काय चालतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळणारच नाही.

बॉडी थेरपीचा ग्रुप आहे. दर शनिवारी सकाळी. कोणी नवऱ्याला सोडून आलेली, कोणी सासऱ्याला घाबरणारी, कोणी माझ्यासारखी — बॉयफ्रेंडवाली. बोलायचं कमी, शरीराशी काम जास्त. मीनल मॅडम घेतात. त्यांचं म्हणणं असं की जे सहन केलं ते फक्त डोक्यात राहत नाही, अंगातही बसतं. जबड्यात, खांद्यात, पोटात. मग आधी पाय जमिनीवर नीट टेकवायचे, वजन कुठे पडतंय ते बघायचं. मग लांब श्वास. मसाल्याच्या मार्केटकडून वारा आला की मिरचीचा खकाणा येतो आणि लांब श्वासाच्या ऐवजी अख्खा हॉल खोकतो. मॅडम म्हणतात, "खोका, खोकणंपण शरीराचंच आहे."

आणि मग मेन गोष्ट. पाठीवर झोपायचं, तळव्याला तळवा लावायचा, गुडघे बाजूला सोडायचे, कंबर थोडी उचलून धरायची. मांड्या थकतात. मग गुडघे हळूहळू जवळ आणायचे — आणि मधे कुठेतरी पाय आपोआप थरथरायला लागतात. आपण करायचं नाही. होऊ द्यायचं. कोणाचं फक्त मांडीत राहतं, कोणाचं पोटापर्यंत येतं, कोणी रडतं, कोणी चक्क झोपतं. मॅडम पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतात. एक — थरथर आली तर आली, नाही आली तर नाही, ही परीक्षा नाही. दोन — एकमेकींना सल्ला द्यायचा नाही, शेजारच्या मॅटवरच्या बाईचं काय चाललंय त्याचा अर्थ लावायचा नाही.

दोन्ही गोष्टी मी ऐकल्या होत्या. वहीत लिहिल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

पहिला शनिवार. मी झोपले. कंबर उचलली. गुडघे जवळ आणले. काही नाही. डावीकडची बाई थरथरतेय. समोरची कॉलेजची मुलगी थरथरतेय आणि हुंदके देतेय. हॉलभर मॅट घासल्याचा आवाज. आणि माझे पाय — मस्त, शांत, सोसायटीच्या बाकावर बसलेल्या काकांसारखे.

मग मी टाचा अर्धा इंच उचलल्या आणि चवड्यावर जोर दिला.

करून बघा, कोणालाही जमतं. पोटरी लगेच थडथडायला लागते. लहानपणी अभ्यासाला बसले की मी हेच करायचे आणि आई आतून ओरडायची, "पाय हलवू नकोस, चांगलं नसतं ते." वीस वर्षांची प्रॅक्टिस. मांडीपर्यंत कसं न्यायचं ते दुसऱ्या मिनिटाला कळलं, हनुवटीपर्यंत दहाव्या. मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान. सोडून दे."

का केलं? मी हे कारण म्हणून देत नाहीये, नुसती माहिती म्हणून घ्या. माझा जो होता, त्याने मला कधी मारलं नाही. तीन वर्षं माझं लोकेशन चोवीस तास चालू असायचं. बस मुलुंडच्या पुलावर ट्रॅफिकमधे थांबली की फोन — "पुलावर काय करतेयस?" भांडण झालं की मनगट पकडून ठेवायचा, मी सॉरी म्हणेपर्यंत. बस, एवढंच. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मारलं तर नाही ना?" त्या दिवशी मॅटवर मला वाटलं, माझे पाय हलले नाहीत तर आईचं बरोबर. म्हणजे काही झालंच नव्हतं. म्हणून हलवले. आणि मग दर शनिवारी हलवायला लागले. आणि मला ते आवडायला लागलं, हेपण सांगायला पाहिजे. मी ग्रुपमधली चांगली विद्यार्थिनी झाले. नवीन बायका माझ्याकडे बघून शिकायच्या.

आता सुरेखाताई.

सुरेखाताई उरणकडच्या जासईची. चाळिशीच्या आसपास, उंच, आवाज असा की खालच्या मजल्याला कळायचं ती आली. कंटेनर यार्डच्या गेटवर नोंदी करायची — कंटेनर आला की नंबर लिहायचा, सील बघायचं, भरलेला की रिकामा ते टाकायचं. नवरा ट्रेलर चालवायचा. त्याला सोडून सात महिने भावाकडे राहत होती. शनिवारी उरणची बस पकडून यायची, डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. सेशन झालं की याच जिन्यात बसून आम्ही खायचो. मी अंडंसुद्धा न खाणाऱ्या घरातली. तिने पहिल्याच दिवशी चटणी माझ्या पोळीवर ठेवली आणि म्हणाली, "खा. घरी सांगू नको, तोंड धुऊन जा."

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. कोणी विचारलं की म्हणायची, "दार लागलं." दार कोणी लावलं ते एकदाच बोलली, चटणी खाता खाता, जसं काही बसचा टाइम सांगतेय. नवऱ्याने. मुद्दाम. आणि मग दाराला पाठ लावून उभा राहिला.

सुरेखाताईचे पाय हलायचे नाहीत.

नाहीच. सहा शनिवार झाले, सात झाले. गुडघे जवळ आणायची आणि ते तसेच, दगडासारखे. ती त्याची मस्करी करायची. मला बघितलं की हाक, "काय गो मोबाइल, आलीस? आज परत वायब्रेट होनार?" आणि स्वतःबद्दल, "माजा फोन सायलेंटवर हाय. रिंग होतंय पन आवाज नाय." सगळ्या हसायच्या. मॅडमसुद्धा. मॅडम तिला दर वेळी सांगायच्या, नाही झालं तरी चालतं, तुम्ही इथे आलात तेच काम आहे. ती मान हलवायची. पण मी तिचा चेहरा बघायचे. ती माझ्या मॅटकडे बघत असायची. माझ्या पायांकडे.

तिची एक गोष्ट चालू होती तेव्हा. नवऱ्याकडची माणसं भावाच्या घरी यायला लागली होती. बैठक बसणार होती — दोन्हीकडची मोठी माणसं, गावातले चार जण, मधे चहा, आणि ठरवायचं की हिने परत नांदायला जायचं का. तिचा भाऊ तिच्या बाजूने होता, पण त्याचं म्हणणं, तू स्वतः ठाम बोलायला पाहिजेस, मी एकटा किती बोलू. ती तयारी करत होती. मला म्हणाली होती, "हात दाखवीन सगल्यांना. दोन बोटं दाखवीन नि गप बसेन."

बैठक रविवारी होती. त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार.

सेशन झालं. त्या दिवशी मी जरा जास्तच केलं होतं, कारण दोन नवीन बायका होत्या आणि मॅडमनी त्यांना माझ्या शेजारी बसवलं होतं. मग आम्ही इथे, जिन्यात. डबा उघडलेला. सुरेखाताईने मस्करी नाही केली. सरळ विचारलं, "तुजा कसा येतो गो? खरा सांग. माजे पाय का नाय हालत?"

आता बघा. त्या क्षणी मला काय काय येत होतं. मला म्हणता येत होतं, ताई, माझेपण हलत नाहीत, मी टाचा उचलते. दोन वाक्यं. किंवा म्हणता येत होतं, मॅडमना विचारा. किंवा नुसतं, माहीत नाही. तोंडात भाकरी होती, काहीच न बोलता नुसतं चावत बसले असते तरी चाललं असतं.

मी म्हणाले — आणि मॅडमसारखा आवाज काढून म्हणाले, हळू, समजूतदार — "ताई, ज्याच्यात साठलेलं असतं ना, त्याचंच हलतं."

हाच तो माझा गुन्हा. आकाराने एवढासाच आहे.

मग तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "आमच्याकडं दोनच परकार. लोड नायतर एम्टी. म्हंजे मी एम्टी."

आणि हसली. आणि मी पण हसले.

मला दिसत होतं ना? तिची दोन बोटं झाकणावर सरळ ताठ होती, बाकीची तीन वाकलेली. माझ्यापासून एक फुटावर. ज्या बाईच्या हाताला ते कायमचं दिसतंय, तिला मी सांगितलं की तुझ्यात काही नाही. का सांगितलं? कारण मला माझी थरथर खरी ठेवायची होती. तिचं दुखणं खोटं ठरलं तर माझी थरथर अजून खरी दिसत होती. मी यावर दोन वर्षं विचार केलाय आणि याच्यापेक्षा बरं उत्तर मिळालेलं नाही.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. सोमवारी लंच ब्रेकमधे तिचा व्हॉइस मेसेज आला. मी कँटीनच्या रांगेत होते, कानाला फोन लावून ऐकला. शब्द न शब्द पाठ आहे, कारण नंतर खूप वेळा ऐकला.

"मोबाइल, मी गेले गो परत. काल्जी नको करू. बैठकीत सगले बसलेले, हात दाखवायचा म्हनून पदर सारला, नि मना तुजा शब्द आठवला. बोल्लू, मी उगाच मोठा करताव. एवढा काय नाय माज्यात. मंग सगल्यांना बरा वाटला. दादा जरा गप झाला. तू ये गो कदी, चटनी देते."

मी ट्रे ठेवला आणि टाइप करायला लागले. "ताई मी खोटं बोलले." डिलीट. "ताई तुमच्यात आहे, प्लीज परत या, माझंच नव्हतं." डिलीट. "ताई फोन करू?" डिलीट. चार कस्टमरशी एकदम बोलणारी मी. तिच्या स्क्रीनवर "टायपिंग" असं येत असणार, जात असणार, येत असणार. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, पुढे सरका." मी तिला एक लाल बदाम पाठवला आणि पुढे सरकले. त्या दिवशी राजमा होता. नीट जेवले.

मॅडमनी ग्रुपमधे विचारलं, सुरेखाताईंचं कोणाला काही कळलं का. मी म्हणाले, नाही.

त्यांनी दोनदा फोन केला तिला, उचलला गेला नाही. भावाला केला. भाऊ म्हणाला, तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं की काही नव्हतं, मी कोणत्या तोंडाने भांडू. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा मी मॅट गुंडाळत होते. छान घट्ट गुंडाळली.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. आठ-नऊ महिन्यांनी, वाशी डेपोत. नवरा बरोबर होता. मी त्याला राक्षसासारखा इमॅजिन केला होता — बारकासा माणूस निघाला, इस्त्रीचा शर्ट, एका हातात त्याचा फोन आणि दुसऱ्या हातात तिचा. तिने मला ओळखलं. त्याला म्हणाली, "ही आमच्या योगाच्या क्लासातली." मग माझ्याकडे बघून, तोच आवाज काढायचा प्रयत्न करत, "काय गो मोबाइल, चालू हायस ना?"

मॅडमनी आम्हाला शरीर बघायला शिकवलंय. म्हणून बघितलं. खांदे कानापर्यंत चढलेले. श्वास गळ्याच्या वर वर. वजन मागच्या पायावर, निघायच्या तयारीत. डावा हात पदराखाली, त्यामुळे बोटं दिसली नाहीत. मी हे सगळं नोंदवलं, ती कंटेनरचे नंबर नोंदवायची तसं. आणि म्हणाले, "हो ताई, चालू आहे." बस आली, ती दोघं चढली. मी वाटेत आलेल्या माणसासारखी बाजूला झाले.

तुम्हाला वाटेल मग मी ग्रुप सोडला असेल. नाही. उलट. मॅडमनी मला मदतनीस केलं. नवीन बॅच आली की मी मधे झोपून दाखवते. माझा एक व्हिडिओपण आहे ग्रुपच्या पेजवर, चेहरा न दाखवलेला, नुसते पाय. खाली बायकांनी लिहिलंय, बघूनच रडू आलं. ते पाय माझे आहेत. टाचा नीट बघितल्यात तर कळेल.

माझं लोकेशन आता बंद असतं. मी बरी आहे. झोप लागते, जेवण जातं. हे लिहिताना हात तरी थरथरावा असं मला वाटत होतं, थरथरत नाहीये. तुम्हाला काय वाटेल माहीत नाही — मी नुसतं जे आहे ते सांगतेय.

आणि आत्ता का? आत्ता हे की, वीस मिनिटांपूर्वी मी वर झोपून दाखवलं. नेहमीसारखं, हनुवटीपर्यंत. मग सगळ्या झोपल्या. एक हिरव्या टीशर्टवाली आहे, एकवीस-बावीसची असेल, घणसोलीहून आलीय, बरोबर आलेल्या बहिणीला बाहेर बसवलंय. तिचे पाय हलेनात. मी फिरत फिरत तिच्याजवळ गेले. तिने डोळे उघडले आणि एकदम हळू विचारलं, "दीदी, माझं होतच नाहीये. म्हणजे माझ्यासोबत तेवढं काही झालंच नसेल का?"

शब्द जवळपास तेच. माझ्या आतले, पहिल्या शनिवारचे. सुरेखाताईचे, जिन्यातले.

मी म्हणाले, "एक मिनिट हं," आणि चप्पल न घालता खाली आले.

तर आता हे असं करतेय. हे इथे टाकतेय. मग ग्रुपवर टाकतेय — जुन्या, नवीन, सगळ्या बॅचचा जो एक मोठा ग्रुप आहे, मॅडम त्यात आहेत. सुरेखाताईचा नंबरपण अजून त्यात आहे, तिने काढलेला नाही की तिला कोणी काढलेलं नाही. पण तिचा फोन कोणाच्या हातात असतो ते मी डेपोत बघितलंय, म्हणून तिचं नाव, गाव, काम, हाताची खूण सगळं वर लिहितानाच बदललंय. चटणी नाही बदलली. भाऊ मात्र खराच आहे, त्याचा नंबर मॅडमकडे आहे, त्याला मी स्वतः फोन करणार — त्याने कोणत्या तोंडाने भांडायचं ते त्याला कळायला हवं. त्याने फोन आपटला तर आपटला.

या सगळ्याने ती परत येईल? मला माहीत नाही. दोन वर्षांत तिच्या घरात किती वेळा दार लागलं असेल, तेपण माहीत नाही. तो आकडा माझ्या नावावर आहे.

मॅडम वरून हाक मारतायत. हिरव्या टीशर्टवालीला मी काय सांगायचं ते ठरलंय — दोनच वाक्यं आहेत, सुरेखाताईला सांगायची राहिलेली ती. टाचा उचलून पण दाखवते, म्हणजे विश्वास बसेल.

जाते. फक्त तुम्ही, जे कधी अशा हॉलमधे झोपला असाल, वाशीत नाहीतर कुठेही — तुमचं झालंय असं? पाय हलत नव्हते आणि तुम्ही हलवलेत? आणि तेव्हा शेजारच्या मॅटवर कोण होतं?